फ्रेंच भाषेचे दोन भूतकाळ

१६३७ सालच्या आरंभीं पॅरिसमधील मारे नाट्यगृहांत पिएर कॉर्नेय या कवीचें ‘ल सिद’ हें नाटक रंगभूमीवर आलें. नाटक विलक्षण गाजलें. आणि जें गाजतें त्यास शत्रूही लवकर भेटतात, या न्यायानें वर्ष संपण्यापूर्वींच त्याच्याभोंवतीं एक वाङ्मयीन युद्ध पेटलें. जॉर्ज द स्क्युदेरी या प्रतिस्पर्धी नाटककारानें आक्षेपांची मालिका प्रसिद्ध केली, आणि कार्डिनल रिशल्यू या महामंत्र्याच्या इच्छेनें, दोनच वर्षांपूर्वीं स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीस या वादांत न्यायासनावर बसावें लागलें. अकादमीनें कथानक, नीति, पात्रांचें वर्तन या साऱ्यांवर आपलें मत दिलेंच; परंतु एका जागीं तिचें बोट एका साध्या क्रियापदावर येऊन थांबलें.

प्रसंग असा आहे. एका मानी सरदारानें मत्सराच्या भरांत एका वृद्ध योद्ध्यास चपराक मारली आहे. थोड्याच वेळानें तोच सरदार दुसऱ्या एका दरबाऱ्यापाशीं कबूल करतो कीं, अपमान केला तेव्हां आपलें रक्त जरा तापलें होतें. या कबुलींत कॉर्नेयनें फ्रेंचमधील साधा भूतकाळ योजला होता. अकादमीचा निर्णय पडला कीं, येथें काळ चुकला. संयुक्त भूतकाळ हवा होता. कारण काय, तर ती चपराक आणि ही कबुली यांच्यामध्यें एकही रात्र गेलेली नाहीं! कॉर्नेयसारख्या स्वाभिमानी कवीनें अकादमीचे अनेक आक्षेप मनांतून कधींच मान्य केले नाहींत. तरी १६६० च्या आवृत्तींत ती जागा मात्र त्यानें बदलून टाकली.

मध्यें रात्र गेली कीं नाहीं यावर क्रियापदाचें रूप ठरावें, ही कल्पना आज चमत्कारिक वाटते. त्या काळच्या सुशिक्षित फ्रेंच मनुष्यास ती तशी वाटत नव्हती. त्याच्या भाषेंत होऊन गेलेल्या गोष्टीसाठीं दोन स्वतंत्र रूपें होतीं, आणि त्या दोहोंमधील सीमा नेमकी कोठें आखावी हा प्रश्न वैयाकरणांस पिढ्यान् पिढ्या छळीत होता. त्या सीमेचा इतिहास हा केवळ प्रत्ययांचा इतिहास नव्हे. गेलेली गोष्ट खरोखर केव्हां ‘गेली’ असें मनुष्य मानतो, याचाही तो इतिहास आहे.

प्रथम हीं रूपें कशीं बनतात तें पाहणें आवश्यक आहे. ‘पार्ले’ म्हणजे बोलणें. ‘इल पार्ला’ म्हणजे ‘तो बोलला’. येथें धातूसच प्रत्यय लागला आहे आणि सारें काम एका शब्दांत उरकलें आहे. हा साधा भूतकाळ. फ्रेंच लोक त्यास ‘पासे सँप्ल’ म्हणतात. ‘इल आ पार्ले’ हा दुसरा प्रकार. यांतील ‘आ’ हें ‘जवळ असणें, बाळगणें’ या अर्थाच्या क्रियापदाचें वर्तमानकाळचें रूप आहे, आणि ‘पार्ले’ हें येथें ‘बोललेलें’ या अर्थाचें धातुसाधित आहे. मूळ धातूचा आणि त्याचा उच्चार एकच होतो, इतकेंच. शब्दशः अर्थ करावयाचा तर ‘त्याच्यापाशीं बोललेलें आहे’ असा होईल. हा संयुक्त भूतकाळ, म्हणजे ‘पासे कोंपोझे’. जाणें, येणें, जन्मणें, मरणें अशा थोड्या क्रियापदांस आणि सर्व स्वकर्तृवाचक क्रियापदांस ‘जवळ असणें’ऐवजीं नुसतें ‘असणें’ हें साहाय्यकारी लागतें. ‘तो आलेला आहे’ या मराठी रचनेशीं तिचें साम्य सहज ध्यानांत येईल. याशिवाय ‘इल पार्लॅ’, म्हणजे ‘तो बोलत होता’ किंवा ‘तो बोलत असे’, असा तिसरा अपूर्ण भूतकाळ आहे. चाललेली क्रिया, जुनी सवय, प्रसंगाची पार्श्वभूमि हें त्याचें क्षेत्र. त्या क्षेत्राबद्दल फारसा तंटा कधीं झाला नाहीं. तंटा होता तो पहिल्या दोघांमध्यें, कारण दोघेही पुऱ्या झालेल्या क्रियेवरच हक्क सांगत होते.

या भाऊबंदकीचें मूळ लॅटिनमध्यें आहे. अभिजात लॅटिनमध्यें ‘स्क्रिप्सी’ या एकाच रूपानें ‘मीं लिहिलें’ आणि ‘मीं लिहिलें आहे’ हे दोन्ही अर्थ व्यक्त होत. परंतु रोमन मनुष्य जेव्हां आपल्या हातांतील पुऱ्या झालेल्या वस्तूकडे लक्ष वेधूं इच्छी, तेव्हां तो निराळी रचना करी: ‘लिहिलेलें पत्र माझ्यापाशीं आहे.’ आरंभीं हें वाक्य अक्षरशः खरें असे. पत्र खरोखरच मेजावर पडलेलें असे. पुढें ‘जाणलेलें माझ्यापाशीं आहे’, ‘ठरविलेलें माझ्यापाशीं आहे’ अशीं वाक्यें आलीं. जाणलेली गोष्ट मेजावर ठेवतां येत नाहीं. तेव्हां मालकीचा अर्थ विरूं लागला आणि क्रिया पुरी झाल्याचा अर्थ तेवढा उरला. लॅटिनपासून फ्रेंच वेगळी झाली तेव्हां तिच्या पदरीं हीं दोन्ही धनें आलीं. जुन्या ‘स्क्रिप्सी’चा वंशज तो साधा भूतकाळ, आणि ‘माझ्यापाशीं आहे’चा वंशज तो संयुक्त भूतकाळ. एक घटनेकडे दुरून पाहतो. दुसरा तिचें फळ आज हातांत धरून उभा असतो. दुसऱ्याच्या पोटांत वर्तमानकाळाचें क्रियापद आहे, ही गोष्ट विसरतां कामा नये. पुढील सर्व कथेचें बीज तेथेंच आहे.

त्या जुन्या मालकीची एक खूण फ्रेंच भाषेंत अद्याप शिल्लक आहे आणि ती प्रत्येक फ्रेंच विद्यार्थ्यास रडवीत आली आहे. लॅटिन वाक्यांत ‘लिहिलेलें’ हें पत्राचें विशेषण होतें. म्हणून लिंग-वचनानें तें पत्राशीं जुळत असे. फ्रेंचमध्यें हें जुळणें अर्धेंच टिकलें. ‘मीं चिठ्ठी लिहिली’ असें सरळ म्हटलें तर ‘एक्री’ हें रूप बदलत नाहीं. परंतु ‘जी चिठ्ठी मीं लिहिली’ असें म्हणून चिठ्ठीस क्रियापदाच्या आधीं आणलें कीं, ‘एक्री’चें स्त्रीलिंगी ‘एक्रीत’ होतें. या नियमाचा पुरस्कार फ्रान्सिस पहिला याच्या दरबारांतील कवि क्लेमां मारो यानें १५३८ च्या सुमारास एका लहानशा कवितेंत इटालियन भाषेचा दाखला देऊन केला, आणि पुढें वैयाकरणांनीं तो शिरोधार्य मानला. बहुतेक क्रियापदांत हा फरक कानास ऐकूंही येत नाहीं. तो केवळ लेखणीस ठाऊक असतो. त्यामुळें शुद्धलेखनाच्या परीक्षेंत गुण जाण्याचें तें एक हुकमी स्थान होऊन बसलें. १९०० सालच्या जुलै महिन्यांत शिक्षणमंत्री जॉर्ज लेग यांनीं हुकूम काढून परीक्षांत हें रूप न बदलण्याची मोकळीक दिली. विद्वानांत मोठा क्षोभ झाला, अकादमीनें विरोध केला, आणि १९०१ च्या फेब्रुवारींतील दुसऱ्या हुकुमानें, कांहीं थोडीं ठिकाणें वगळून, जुना नियम पुन्हां गादीवर बसला. २०१८ मध्यें बेल्जममधील दोन माजी शिक्षकांनीं तोच प्रश्न पुन्हां उकरून काढला तेव्हां वर्तमानपत्रांतून तितक्याच तीव्रतेनें वाद झडला. ज्या मालकीचा अर्थ हजार वर्षांपूर्वींच विरून गेला, तिच्या सातबाऱ्यावरचें नांव कमी करण्यास भाषा अजून तयार नाहीं.

मराठी वाचकास मात्र या नियमांत परकें असें फार थोडें वाटेल. ‘मीं पत्र लिहिलें’, ‘मीं चिठ्ठी लिहिली’, ‘मीं ग्रंथ लिहिला’ असें लेंकरूंही न चुकतां बोलतें. याचें कारण मराठीचा भूतकाळही मुळांत एक धातुसाधित विशेषणच आहे. संस्कृतांतील ‘मया पत्रं लिखितम्’ या रचनेंतील ‘लिखित’ शब्द प्राकृतांतून, ‘इल्ल’ प्रत्ययाची जोड घेऊन, मराठींत उतरला आणि क्रियापदाच्या आसनावर बसला. हा वंशवृक्ष शास्त्रीय पद्धतीनें मांडणारा ग्रंथ एका फ्रेंच पंडिताचाच आहे, हा योगायोग सुखद आहे. झ्यूल ब्लोक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ १९२० मध्यें पॅरिसला प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं त्याचें मराठी भाषांतर केलें. ज्याच्या मातृभाषेंत धातुसाधितानें जुन्या भूतकाळास हळूहळू हुसकून लावलें होतें, त्याच्या नजरेस मराठींतील तीच घडामोड चटकन् भरली असल्यास नवल नाहीं.

सोळाव्या शतकांत फ्रेंच भाषेस व्याकरणाचें वळण लावण्याचा उद्योग सुरू झाला, तेव्हां पंडितांपुढें दोन रूपांचा संसार मांडलेला होता. पण कामाची वांटणी झालेली नव्हती. मध्ययुगीन वीरकाव्यांत तर साधा भूतकाळ, संयुक्त भूतकाळ आणि वर्तमानकाळ एकाच प्रसंगांत खुशाल एकमेकांचे हात धरून चालत. नव्या युगाच्या पंडितांस ही मोकळीक खपेना. दोन शब्द असतील तर दोन अर्थ असलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. त्यांतून चोवीस तासांचा प्रसिद्ध नियम जन्मास आला. आँरी एस्तिएन या ग्रीक भाषेच्या गाढ्या अभ्यासकाचें नांव या नियमाशीं विशेष जोडलें जातें. आज घडलेल्या गोष्टीस संयुक्त भूतकाळ वापरावा. काल किंवा त्यापूर्वीं, संपून गेलेल्या वेळीं, घडलेल्या गोष्टीस साधा. ‘आज सकाळीं तो आला आहे’, परंतु ‘काल तो आला’. ‘या आठवड्यांत’, ‘या वर्षीं’, ‘या शतकांत’ असे शब्द असतील तर तो आठवडा, तें वर्ष, तें शतक अजून चालूच आहे. म्हणून तेथेंही संयुक्त भूतकाळ. १६६० मध्यें पोर-रॉयाल येथील आर्नो आणि लांस्लो या पंडितांनीं आपलें सुप्रसिद्ध व्याकरण छापलें, तेव्हां त्यांनींही हाच दंडक सांगितला: साध्या भूतकाळासाठीं घटना आणि कथन यांच्यामध्यें निदान एक दिवसाचें अंतर असावें. कॉर्नेयच्या नाटकांत अकादमीनें जी न गेलेली रात्र शोधून काढली, ती याच दंडकांतून.

संस्कृत जाणणाऱ्यास येथें पाणिनीचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. फ्रेंच पंडितांच्या कित्येक शतकें आधीं पाणिनीनें भूतकाळाचे तीन लकार सांगतांना हीच रेघ ओढली होती. ‘लङ्’ हा अनद्यतन भूताचा, म्हणजे आज न घडलेल्या गोष्टीचा. ‘लिट्’ हा अनद्यतन असून शिवाय परोक्ष, म्हणजे बोलणाऱ्यानें स्वतः न पाहिलेल्या गोष्टीचा. ‘लुङ्’ हा सामान्य भूताचा, आणि आजची गोष्ट त्याच्या वांट्यास येते. दोन देश, दोन काळ, एकमेकांची वार्ताही नसलेले वैयाकरण; तरी दोघांसही वाटलें कीं, झोंपेनें तुटलेला दिवस हाच गतकाळाचा स्वाभाविक उंबरठा होय. आणि दोन्हीकडे शेवटही सारखाच झाला. पुढील संस्कृत वाङ्मयांत या तिन्ही लकारांतील भेद पुसट झाले आणि ‘गतः’, ‘कृतम्’, ‘उक्तवान्’ अशा धातुसाधितांनीं पुष्कळसें क्षेत्र व्यापलें. फ्रान्समध्येंही धातुसाधितवाला भूतकाळच सरशी करून गेला.

ही सरशी एकाएकीं झाली नाहीं. रात्रीची भिंत पंडितांनीं पोथींत बांधली खरी, पण बोलणारी जीभ तिला कधींच पुरती जुमानीत नव्हती. प्रथम ‘आज’चा प्रदेश संयुक्त भूतकाळाचा होता. मग कालच्या गोष्टीही, त्या बोलणाऱ्याच्या मनांत ताज्या असतील तर, तिकडे सरकल्या. मग गेल्या वर्षींच्या, मग बाळपणींच्या. अठराव्या शतकांत पॅरिसच्या रोजच्या बोलण्यांतून साधा भूतकाळ विरळ होत गेला, आणि पुढें उत्तर फ्रान्समध्यें तो संभाषणांतून जवळजवळ नाहींसा झाला. दक्षिणेंत, जेथें ऑक्सितां ही जुनी देशभाषा बोलली जाई आणि तिच्यांत साध्या भूतकाळाचा वापर जिवंत होता, तेथें तो फ्रेंच बोलण्यांतही अधिक काळ टिकून राहिला.

या ऱ्हासाचीं कारणें शोधतांना आंतवान् मेये या थोर भाषाशास्त्रज्ञानें १९०९ मध्यें एक निबंध लिहिला. त्यानें दाखविलें कीं, साधीं रूपें नाहींशीं होण्याचा प्रकार एकट्या फ्रेंचचा नव्हे. दक्षिण जर्मनींत आणि उत्तर इटलींतही तो दिसतो. जुन्या रूपांची बांधणी अवघड होती हें एक कारण उघड आहे. प्रत्येक अनियमित धातूचा भूतकाळ वेगळा पाठ करावा लागे. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांचीं ‘नु पार्लाम’, ‘वु पार्लात’ अशीं रूपें तर कानास डौलदार असलीं तरी जिभेस जड होतीं. त्यांतच ‘मी बोललों’ आणि ‘मी बोलत होतों’ यांचे फ्रेंच उच्चार पुष्कळांच्या तोंडीं इतके जवळ आले कीं, दोहोंतील भेद टिकविणें कठीण झालें. उलट संयुक्त भूतकाळास दोन साहाय्यकारी क्रियापदें आणि एक धातुसाधित, एवढ्यावर भागत असे. परंतु सोय हें एकच कारण नव्हे. मनुष्य बोलूं लागतो तो बहुधा आपल्याविषयीं, आपल्या माणसांविषयीं. आणि जी गोष्ट सांगावीशी वाटते ती त्याच्या दृष्टीनें पुरती संपलेली नसतेच. तिचें सुख, तिची लाज, तिचा घाव त्याच्यापाशीं असतो. ‘माझ्यापाशीं आहे’ असें म्हणणारा काळ संभाषणांत जिंकला, यांत मनुष्यस्वभावाचाही भाग आहे.

मग हरलेल्या काळाचें काय झालें? तो मेला नाहीं. तो ग्रंथांत जाऊन राहिला. इतिहास, चरित्र, कादंबरी, परीकथा हीं त्याचीं घरें झालीं. आजीकडून गोष्ट ऐकणारें फ्रेंच मूल स्वयंपाकघरांत जें रूप कधीं ऐकत नाहीं, तेंच राजपुत्र आणि लांडगे यांच्या सोबतीनें शिकतें. आणि तें रूप कानीं पडलें कीं, त्यास कळतें, आतां गोष्ट सुरू झाली. घरांतील भाषा आणि कथेंतील भाषा यांच्यामध्यें एक दार उभें राहिलें, आणि त्या दारावर साध्या भूतकाळाची पाटी लागली.

मोठ्या कादंबरीकारांनीं या दाराचा उपयोग फार मार्मिकपणें केला. गुस्ताव्ह फ्लोबेर यानें अपूर्ण भूतकाळास अभूतपूर्व महत्त्व दिलें. त्याच्या पानांत दिवस, संवाद, स्वप्नें संथ पाण्याप्रमाणें वाहत राहतात. १८६९ च्या ‘भावनाशिक्षण’ या कादंबरींत एका राजकीय हत्येच्या प्रसंगानंतर कथा एकदम थांबते, आणि पुढच्याच प्रकरणांत नायकाच्या आयुष्याचीं कित्येक वर्षें साध्या भूतकाळांतील दोनचार तुटक वाक्यांत गुंडाळलेलीं दिसतात. प्रवास झाला, प्रेमें झालीं, सारें ओसरलें. मार्सेल प्रूस्त यानें १९२० मध्यें फ्लोबेरच्या शैलीवर लेख लिहून याच मोकळ्या जागेची सर्वांत अधिक प्रशंसा केली, आणि काळांच्या योजनेनें लेखक जगाकडे पाहण्याची दृष्टिच कशी बदलूं शकतो हें दाखवून दिलें.

याच्या अगदीं उलट दिशेनें १९४२ मध्यें आल्बेर काम्यू गेला. त्याच्या ‘परका’ या कादंबरीचा नायक आपली कहाणी संयुक्त भूतकाळांत सांगतो. आईचा मृत्यु, समुद्रस्नान, खून, खटला, सर्व कांहीं बाजारांतल्या बोलण्याच्या त्याच साध्या काळांत. फ्रेंच वाचकास तें वाचतांना गंभीर ग्रंथांत कोणी अंगरख्याविना येऊन बसावें तसा धक्का बसला. झां-पोल सार्त्र यानें पुढील वर्षीं या पुस्तकाची चिकित्सा करतांना दाखविलें कीं, या काळामुळें वाक्यें एकमेकांस कार्यकारणानें बांधलीं जात नाहींत. प्रत्येक वाक्य बेटासारखें एकटें उभें राहतें. साध्या भूतकाळांत एक घटना दुसरीस हात देऊन पुढें ढकलते. तो हात काम्यूनें काढून घेतला, आणि जगांत अर्थाची सांखळी न सांपडणाऱ्या मनुष्याचें एकाकीपण व्याकरणांतूनच उभें केलें.

या सर्व अनुभवास शास्त्राचें रूप दिलें तें मेये यांचे शिष्य आणि कॉलेज द फ्रान्समधील त्यांचे उत्तराधिकारी एमील बांव्हनिस्त यांनीं. १९५९ च्या आपल्या निबंधांत त्यांनीं म्हटलें कीं, फ्रेंचमधील दोन भूतकाळांत जवळच्या-दूरच्या काळाचा भेदच नाहीं. त्या दोन निरनिराळ्या भाषणपद्धति आहेत. एक ‘इतिहास’, जींत कोणी बोलत नाहीं, घटना जणु स्वतःच क्षितिजावर उगवतात आणि मावळतात. दुसरी ‘संभाषण’, जींत ‘मी’ आहे, ‘तूं’ आहे, आणि घडलेली गोष्ट या दोघांच्या मध्यें ठेवलेली आहे. चोवीस तासांचें घड्याळ येथें कायमचें बाजूस सारलें गेलें. प्रश्न घटनेस किती वेळ झाला हा नाहीं. ती सांगणारा तिच्यापासून किती दूर उभा आहे, हा आहे.

या विवेचनाची सत्यता एका उदाहरणानें पटेल. १९१६ सालच्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत व्हर्दंच्या रणांगणावर दोन्ही बाजूंचे मिळून सुमारें तीन लक्ष सैनिक कामास आले. इतिहासकार त्यांतील एखाद्या सेनानीविषयीं लिहितो: ‘इल मूर्यू’, तो मेला. हा साधा भूतकाळ. पान उलटलें जातें. परंतु त्याच रणांगणावर मुलगा गमावलेली एखादी फ्रेंच माता चाळीस वर्षांनंतर शेजारणीपाशीं बोलली असेल, तर तिनें ‘इल मूर्यू’ म्हटलें नसेल. तिनें ‘इल ए मॉर’ असेंच म्हटलें असेल. या शब्दांचा अर्थ ‘तो मेला’ असाही होतो आणि ‘तो मृत आहे’ असाही होतो. फ्रेंचमध्यें या दोहोंस एकच रूप आहे. एका वाक्यांत मरण होऊन गेलेलें आहे आणि अजून चालूही आहे. मध्यें चाळीस वर्षांच्या रात्री गेल्या. अकादमीच्या हिशेबानें साध्या भूतकाळास भरपूर अवकाश होता. पण त्या मातेपुरती ती एक रात्रही गेलेली नव्हती. इतिहासकाराचें वाक्य खोटें नाहीं आणि मातेचेंही खोटें नाहीं. इतिहासकारास घटना आपल्यापासून दूर ठेवल्याशिवाय तिची रचना दिसत नाहीं. मातेस ती दूर ठेवणें शक्यच नाहीं. फ्रेंच भाषेनें या दोघांसाठीं दोन रूपें राखलीं आहेत.

साध्या भूतकाळाचें ग्रंथांतील राज्यही आतां निर्वेध राहिलेलें नाहीं. वर्तमानपत्रें, आठवणी, आधुनिक कादंबऱ्या यांतून संयुक्त भूतकाळ आणि वर्तमानकाळ पुढें सरसावले आहेत. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं एनिड ब्लायटन यांच्या साहसकथांचीं जुनीं फ्रेंच भाषांतरें मुलांस सोपीं जावीं म्हणून नव्यानें संस्कारित झालीं, तेव्हां त्यांतील साधा भूतकाळ काढून वर्तमानकाळ घातला गेला. आणि तीं पुस्तकें जुन्या रूपांत वाचून वाढलेल्या अनेक पालकांस आपल्या बाळपणावरच कोणी घाला घातल्यासारखें झालें. २०१६ पासून लागू झालेल्या शालेय अभ्यासक्रमांतही लहान वर्गांपुरता या काळाच्या तृतीय पुरुषाच्या रूपांवर भर देण्यांत आला. तें एका परीनें वस्तुस्थितीस धरूनच होतें. कारण ‘तो’ आणि ‘ते’ हीच ज्यांची वस्ती, अशा कथेंत आणि इतिहासांत हा काळ राहतो. ‘मी’ आणि ‘तूं’ यांचें घर त्यानें केव्हांच सोडलें आहे.

कॉर्नेयच्या नाटकांतील ती चपराक आतां जवळजवळ चार शतकांची झाली. आजचा पॅरिसकर तिच्याविषयीं मित्रापाशीं बोलेल तर संयुक्त भूतकाळांत बोलेल, आणि वाङ्मयाचा इतिहास लिहावयास बसेल तर बहुधा साध्या भूतकाळांत लिहील. दोन्ही वेळां तो बरोबरच असेल, आणि दोन्ही वेळां मध्यें गेलेल्या रात्री मोजण्याचें त्याच्या मनांतही येणार नाहीं. अकादमीनें ज्या एका रात्रीची भिंत उभी केली होती ती पडली. परंतु ज्या गोष्टीचें रक्षण करण्यासाठीं ती उभी केली होती ती गोष्ट मात्र टिकली. कांहीं घटनांस मनुष्य निरोप देतो आणि कांहींस देत नाहीं, हा भेद फ्रेंच भाषा अजून पाळते. फरक इतकाच कीं, तो निरोप केव्हां द्यावयाचा हें आतां घड्याळ ठरवीत नाहीं, बोलणारा ठरवितो.